चमचा भाजून घेणारे डाक्टर

आमच्या घरी डाक्टर पहिल्यांदा आले तवा मी पोहे केलते. त्येंनी बशी घेतली, चमचा उचलला, खिडकीच्या उजेडाला धरून बघितला आन खिशातनं लायटर काढला. साधा न्हवं. सोनाराच्या फुंकणीगत निळा जाळ सोडणारा. त्यो जाळ चमच्याखाली धरला. आम्ही सगळी बघतच ऱ्हायलो. चमच्याचं टोक आधी पिवळं झालं, मग वांग्याच्या रंगाचं झालं. मग त्येंनी चमचा हवेत हलवून गार केला, पोह्यात घातला आन खाल्ला. म्हणाले, "मावशी, मीठ गेनाऊ पडलंय."

गेनाऊ म्हंजे बरोब्बर. जर्मनीतली आपली माणसं मराठी बोलता बोलता असा एकेक जर्मन शबूद टाकत्यात, तांदळात खडा निघाल्यागत.

माझी सून मृणाल पुण्याची. डाक्टर गेल्यावर तिनं चमचा घासला, लिंबू लावून घासला, कसली पावडर टाकून घासला. वांग्याचा रंग काय गेला न्हाई. मला म्हणाली, "अहो आई, माझ्या आईनं रुखवतात दिलेला सेट होता हा. त्यांना आपला चमचा घाण वाटला का?" मी म्हणलं, त्येंना सगळंच घाण वाटतंय, तू एकटी वाईट वाटून घिऊ नगंस. तवापासनं त्यो चमचा ड्रावरात येगळा पडलाय, डाक्टरांचा चमचा म्हणून.

आता मी कोण, ते सांगते. माझं नाव हौसाबाई. शाळा चौथीपतोर, त्यातली बी निम्मी धाकट्या भावाला कडंवर घिऊन. गाव तासगावकडं. नवरा मोटारीखाली गेला तवा राजू पाळण्यात हुता. मग मी द्राक्षबागेत कामाला लागले. द्राक्षाचं काम म्हंजे इळभर हात वर. घड विरळायचं, शेंडं खुडायचं, काडी बांधायची, समदं मांडवाखाली मान वर करून. भुरी पडली की गंधक मारायचं. भुरी म्हंजे पानावर, मण्यावर राख उधळल्यागत पांढरी बुरशी. गंधकाची भुकटी डोळ्यात जाती, घशात जाती, सांजच्याला भाकरी खाल्ली तरी तिला त्येचाच वास. त्या हातावर राजू शिकला, इंजिनेर झाला, ड्रेस्डेनला गेला. रडण्यागत त्यात काय न्हाई. झालं ते झालं.

राजूकडं मी जाती ती तीन महिन्याच्या इसावर. तिसरा महिना सरला की परत. आन खरं सांगू का, तितं जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई. भांडी मशिन धुती, कापडं मशिन धुती, झाडलोट एक चकती जमिनीवर सरपटत करती. नात जर्मनमदी बोलती; मी मराठीत बोलले की तिला कळतंय समदं, पर उत्तर जर्मनमदीच. रिकामं हात मांडीवर ठिवलं की नुसतं वळवळत्यात. मग मी आपली बाल्कनीत, पुन्यांदा घरात, पुन्यांदा बाल्कनीत.

डाक्टर खालच्या मजल्यावर ऱ्हायचे. भेटले ते जिन्यात. त्या इमारतीत जिना पाळीपाळीनं पुसायचा आसतोय. पाळी आली की दाराला पाटी अडकवत्यात. मला तर बरंच झालं. लुगडं खोचून बसले पायरीवर फडकं घिऊन. खालनं एक उभट माणूस सायकलचं टोपडं हातात घिऊन आला. वरपतोर बटणं लावलेला सदरा, साठीच्या आतबाहेर वय. माझं लुगडं बघितलं आन मराठीतच इचारलं, "पाण्यात काय टाकलंय?"

राम राम न्हाई, नमस्कार न्हाई. मी म्हणलं, साबण.

"फक्त साबण?" मग पायरीकडं बघून मान हलवली. "दिसतंय ते स्वच्छ नसतं, मावशी."

हे त्येंचं पालुपद. दुधाच्या पिशवीला हेच, राजूच्या नव्या गाडीला हेच. एकदा माझी नात आंघोळ करून, भांग पाडून त्येंच्या पुढं उभी ऱ्हायली तर तिला बी हेच म्हणाले. ती भडकली आन जर्मनमदी काय तरी बोलली. डाक्टरांनी तिची माफी मागितली, आन मग खिशातल्या बाटलीतनं स्पिरिट काढून आपलं सोताचं हात पुसलं.

नाव विलास मंगसुळे. निघाले आमच्याच तासगावचे. वडलांची द्राक्षबाग हुती. हे कळल्यावर त्येंनी जिन्यातच मला इचारलं, "भुरी पडते का हो अजून?" भावकीतल्या कुणाचं तरी बरंवाईट इचारावं तसं. मी म्हणलं, पडती की, तिला काय धाड भरलीया. तवा पहिल्यांदा हासले. तवापासनं मी मावशी झाले, आन ते येताजाता आमच्याकडं डोकवाय लागले.

त्येंचं काम काय, तर गांजा.

राजूनं हे सांगितलं तवा मी ताट खाली ठेवलं. आमच्याकडं गांजा म्हंजे वड्याकाठचा बैरागी, न्हाईतर पोलिसाची धाड. पर तितं त्यो आता कायद्यात बसतोय. लोक घरी दोनतीन झाडं लावत्यात. आन ज्येंची कळ कशानंच थांबत न्हाई, अशा आजारी माणसास्नी डाक्टर चिठ्ठी लिहून देतोय, मग औषधाच्या दुकानात मिळतोय. डाक्टर अशाच एका कंपनीत हुते, गावाबाहेर, काचेच्या घरात. आन तसे ते सुई मारणारे डाक्टर न्हवंत. झाडाचे डाक्टर.

महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला गेलो की चांगली शिकलेली माणसं त्येंना कोपऱ्यात घ्यायची आन डोळा मारून इचारायची, "डॉक्टर, थोडं सँपल?" डाक्टर म्हणायचे, मी सुपारीसुद्धा खात नाही. आन मग भुरीवर जे बोलाय लागायचे ते त्या माणसाची आळूवडी गार हुईस्तवर. कारण गांजाला बी भुरी पडती. औषधाच्या झाडावर काय बी फवाराय येत न्हाई, आजारी माणसाच्या पोटात जायाचं असतंय. मग भुरी पडलेला माल जाळायचा. तर डाक्टरांचा ध्यास एकच हुता. भुरी न लागणारं झाड.

त्येंनी मला हे समजवून सांगितलं, आमच्या जेवणाच्या टेबलाभवती फिरत फिरत. बसून बोलणं त्येंना जमायचंच न्हाई. झाडाच्या बारीकशा पेशीत समदं लिहिलेलं आसतंय म्हणे, जन्मपत्रिकेगत. त्यात एक जागा अशी, की तिच्यामुळं भुरीला दार उघडं मिळतंय. डाक्टरांनी तेवढीच जागा खोडली. दार बंद. आता त्या खोडलेल्या पेशीपासनं झाड उगवाय पायजे. आन गांजा ह्या बाबतीत लई हेकट. काचेच्या बरणीत खिरीगत काय तरी घालून त्यावर ठेवत्यात, तर नुसता पांढरा गोळा हुतोय, भिजलेल्या पोह्यागत. पान न्हाई, मूळ न्हाई. डाक्टरांनी वर्सानुवर्सं गोळं बघितलं. लोक हासले. एक दिस एका गोळ्यावर हिरवा ठिपका आला. त्या बरणीचा नंबर त्रेचाळीस.

तवापासनं त्रेचाळीस. "आज त्रेचाळीस खूश आहे." "त्रेचाळीसला उजेड जास्त झाला." "उद्या येत नाही, त्रेचाळीसची छाटणी आहे." मृणालला आधी वाटलं हपिसातली कोण बाई आसंल. तिला आनंद झाला हुता. म्हणाली, आई, बरं झालं, एकटेच असतात हो. झाड हाय म्हणून कळल्यावर तिचं तोंड उतरलं.

छाटणीची कात्री त्येंची सोताची हुती. वडलांची. तासगावहून आणलेली, मुठीला चामडं गुंडाळलेलं. कंपनीत चकचकीत कात्र्या ढिगानं हुत्या, पर डाक्टर त्या झाडास्नी हात लावायचे ते ह्याच कात्रीनं. सदऱ्याच्या आतल्या खिशात आसायची, लायटरच्या शेजारी. घटकंघटकंला स्पिरिटनं पुसायचे.

आता पार तळमजल्यावरच्या म्हातारीचं सांगाय पायजे. फ्राऊ केलर. फ्राऊ म्हंजे बाई. ऐंशीच्या पुढं वय, हात थरथरायचं. तिची खिडकी चौकात उघडायची आन त्या भिंतीवर एक वेल हुता, दोरीवर चढवलेला, पार पन्हाळीपतोर. त्येला हॉप म्हणत्यात. त्येची बोंडं बियरमदी घालत्यात. तिच्या नवऱ्यानं लावलाता. नवरा गेला, वेल ऱ्हायला. पर उन्हाळ्यात त्यो असा वाढायचा की बघता बघता हातभर. आन इमारतीचा कारभार बघणारं जे हपिस हाय, त्येंनी सांगून ठेवलंतं, शेंडा पन्हाळीत गेला की वेल मुळापासनं काढणार.

मी बाल्कनीतनं बघायची. दर आईतवारी वेल छाटलेला दिसायचा. छाटणाऱ्याचा हात चांगला हुता. डोळ्याच्या, म्हंजे कोंब फुटतोय त्या गाठीच्या, वर तिरका काप, आमच्याकडं मारत्यात तसा. मला वाटलं तिचा ल्योक येत आसंल.

मे महिना सरत आला आन डाक्टर एक दिस घरी आले. मी थालीपीठ केलतं. चमचा काढला, भाजला, गार केला. खाल्लं न्हाई. पुन्यांदा भाजला, पुन्यांदा गार केला. तसंच तीनचारदा झालं. मृणाल म्हणाली, काका, काय झालं?

"त्रेचाळीस गेली," म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे जाणार."

झाड खुरटलंतं. फांदी हात लावला की कडकन मोडायची. तपासलं तर रोग निघाला. भुरी न्हवं, भुरीला ती भीक घालत नव्हती. ह्यो दुसराच. बुरशी न्हाई, किडा न्हाई, इषाणू बी न्हाई, त्येच्याहून बारका. नुसता एक धागा म्हणे, पेशीत शिरतोय आन गप बसतोय. त्रेचाळीसच्या फांद्या लावून जेवढी रोपं केलती त्या समद्या लेकरांत त्यो हुता. कंपनी म्हणाली, जून सरला की समदं जाळायचं, काचेचं घर धुऊन काढायचं, इषय संपला.

एक वाट हुती. झाडाचा अगदी शेंड्याचा कोंब, खसखशीच्या दाण्याहून बारका, तिथपतोर त्यो रोग पोचलेला नसतोय. भिंगाखाली त्येवढाच कापायचा आन बरणीत ठेवायचा. बहुतेक मरत्यात. एखादा जगला, आन तपासणीत निरोगी निघाला, तर त्रेचाळीस जगली. न्हाईतर न्हाई.

मग लागला की वनवास. डाक्टर रोज कामावरनं येऊन आमच्या टेबलाभवती फिरायचे. आज अमुक काळे पडले. आज तमुक पिवळे पडले. राजू म्हणाला, आई, त्यांना बसव, गालिचा झिजायला लागला. मी कशी बसवू? मला कुठं बसाय येत हुतं. माझं तिकीट जुलैच्या पहिल्या आठवड्याचं. मी तासगावला गेल्यावर त्या बरण्यांचं मला कोण सांगणार, ह्याचाच घोर लागला. दुसऱ्याच्या झाडासाठी मी आयुष्यभर राबले, पर कुठल्या झाडासाठी अशी झोप गेली नव्हती.

आन मग कंपनीत चौकशी लागली. रोग आत आला कसा? तितं तर आत जाताना अंगावर वारं सोडत्यात, बूट बदलत्यात, कापडं बदलत्यात. एकेकाला बोलवून इचाराय लागले. तवापासनं डाक्टर यायचे बंद झाले.

दोन दिस वाट बघितली आन मी ठेचा-भाकरी घिऊन खाली गेले. दार उघडलं. आत बघितलं. त्या मुलखात ज्येच्या त्येच्या खिडकीत कुंड्या. ह्या झाडाच्या डाक्टरच्या घरात एक पान न्हाई. कोथिंबिरीची जुडी बी न्हाई. भिंती पांढऱ्या, खिडकीत रिकाम्या धुतलेल्या बरण्या, आन टेबलाला खुर्ची एकच.

मी म्हणलं, झाड का ठेवलं न्हाई?

"ह्या कामातल्या माणसानं घरी झाड ठेवायचं नसतं. कपड्यांवरून कीड जाते."

"तुळस बी न्हाई?"

"काही नाही, मावशी. इथं आल्यापासून नाही."

खुर्ची मला दिली आन उभ्यानं भाकरी खाल्ली. हातानं. हात आधी स्पिरिटनं पुसलं. मी इचारलं, रोगाचं काय कळलं का? तर म्हणाले, कळेल. माझ्याकडं बघितलं न्हाई.

त्या आईतवारी मी पहाटंच उठले. तितं उन्हाळ्यात सूर्य आपल्या आधी उठून बसलेला आसतोय. बाल्कनीत गेले. खाली चौकात, वेलापासनं चार हात लांब, डाक्टर उभे. हातात वडलांची कात्री. छाटत नव्हते. नुसते उभे. वर शेंडा पन्हाळीच्या जवळ गेलता. खिडकीत दोन कप मांडलेले.

तवा मला कळलं, तिरका काप कुणाचा ते.

मी तशीच सपाता घालून खाली गेले. मला बघितल्यावर म्हणाले, "जवळ येऊ नका." मग म्हणाले, "रोग मीच आणला."

एरवी पुस्तकी बोलणारा माणूस, त्या दिशी तासगावचं बोलाय लागला. "ह्यो येल गांजाच्या भावकीतला हाय, मावशी. चुलत भाऊच म्हणा. त्यो रोग ह्येच्या अंगात आसतोय, पर ह्येला काय करत न्हाई. बगा की, कसा हिरवागार हाय. मी पान नेऊन तपासलं. त्योच निघाला."

मी म्हणलं, कात्री तर तुमी सारखी पुसताय.

"स्पिरिटनं. जलमभर स्पिरिटनंच पुसत आलो. ह्येला स्पिरिटनं काय हुत न्हाई. जाळली आसती तर मेला आसता."

"मग जाळली का न्हाई?"

त्येंनी कात्री पालथी केली. मुठीवरचं चामडं दाखवलं. काळं पडलेलं, बोटांचं वळ उठलेलं. "आण्णांनी गुंडाळलंय," म्हणाले. "जळलं आसतं."

दुनियेचं चमचं जाळलं ह्या माणसानं. माझ्या सुनेचं रुखवत जाळलं. आन ही एक कात्री ऱ्हाऊ दिली.

आदल्या दिशी त्येंनी कंपनीत सोताहून सांगितलंतं. नोकरी गेली न्हाई. पर सायबानं सांगितलं, ह्यापुढं एक तर तो वेल, न्हाईतर बरण्यांची खोली. वेलाला हात लावायचा न्हाई, त्येच्या खाली उभं ऱ्हायाचं न्हाई, ज्या खिडकीत त्यो लोंबतोय त्या घरात जायाचं न्हाई. बरण्या अजून अंधारात चाचपडत हुत्या; त्येंना सोडून कसं जायाचं? आन इकडं शेंडा पन्हाळीला टेकत हुता, हपिसाचा माणूस ह्या आठवड्यात बघाय येणार हुता.

मी म्हणलं, म्हातारीला सांगा की समदं.

"सांगितलं तर ती आजच्या आज मुळापासनं काढाय लावंल," म्हणाले. "माझ्यासाठी लावंल. म्हणून तर सांगत न्हाई."

मी हात पुढं केला. म्हणलं, द्या हिकडं ती कात्री. त्येंनी दिली न्हाई हातात. खाली फरशीवर ठेवली आन दोन पावलं मागं सरकले. मग मी उचलली. मूठ माझ्या हातात अशी बसली जशी कालच ठेवलीती.

मी स्टूल वडलं आन वर चढणार, तेवढ्यात बाल्कनीतनं मृणाल धावत खाली आली, झोपेतल्या कापडांवर. "अहो आई, खाली उतरा आधी. व्हिजिटर इन्शुरन्स आहे तुमचा, त्यात हाड मोडलेलं किती बसतं मला माहीत नाही." मी तिला दोन शब्दांत समजवलं. तिनं डाक्टरांकडं बघितलं, वेलाकडं बघितलं. "माझा चमचा जाळला यांनी, आणि यांचा वेल मी छाटायचा?" म्हणाली. आन चढली.

मग काय, तमाशाच झाला. वर पुण्याची सून, खाली मी, आन लांब भिंतीला पाठ लावून डाक्टर. मी म्हणायची, डोळ्याच्या वर घे, तिरका घे. डाक्टर तिकडनं म्हणायचे, मृणाल, डावीकडचा, आल्झो, म्हणजे डावीकडचा. मृणाल म्हणायची, माझा डावा का तुमचा डावा. एक चांगली फांदी त्यात गेलीच. पर शेंडा पन्हाळीतनं खाली आला.

फ्राऊ केलर खिडकीत आली, डोक्याला जाळी बांधलेली. डाक्टरांकडं बघून काय तरी इचारलं. डाक्टरांनी काय तरी सांगितलं. मी मृणालला इचारलं. ती म्हणाली, विचारतायत, इतका लांब का उभायस, रागावलास का. ते म्हणाले, पाठ दुखतेय. आन म्हातारी म्हणाली, नवरा गेल्यापासून एकही रविवार हा कॉफीला चुकला नाही, आज कॉफी गार होतेय.

त्या दिशी गारच झाली.

हपिसाचा माणूस आला, वर बघितलं, गेला. पुढच्या आईतवारी मृणालनं सोताहूनच स्टूल वडलं. तिचा हात बसाय लागलता. मी जायाच्या दोन दिस आधी डाक्टर जिना चढून आले, कितीतरी दिसांनी. दारातच उभे ऱ्हायले. टोपडं हातात. म्हणाले, "एक." एका बरणीतला कोंब हिरवा झालता, दोन पानं फुटलीती. तपासला. साफ हुता. बाकीची झाडं जाळून, काचेचं घर धुऊन मोकळं झालतं, आन ती एक बरणी तेवढी ऱ्हायलीती. मी म्हणलं, म्हंजे त्रेचाळीस हाय. म्हणाले, आहे. बसा म्हणलं तर बसले. त्या घरात पहिल्यांदा मी त्येंना बसलेलं बघितलं. मृणालनं ड्रावरातनं वांग्याच्या रंगाचा चमचा काढून दिला. तिनं काय बोलायच्या आधी त्येंनी त्यो पुन्यांदा भाजला. दोन बश्या शिरा खाल्ला.

माझं इमान सोमवारी हुतं. आईतवारी मृणाल वेलावर, मी खाली काड्या गोळा करतीया, डाक्टर आपले भिंतीला. खिडकीत दोन कप. म्हातारीनं थरथरत्या हातानं एका कपात साखर घातली, ढवळली. त्योच चमचा तिच्या कपात घालून ढवळला. मग चाटला. मग डाक्टरांच्या कपात परत ठेवला आन त्यो कप माझ्यापुढं केला, त्येंच्याकडं बोट दाखवून.

मी हात धुऊन, कप घिऊन चौक पार केला. त्येंच्या पुढं फरशीवर ठेवला आन दोन पावलं मागं सरकले, त्येंनी कात्री ठेवलीती तसं. म्हणलं, डाक्टर, म्या सोता बघितलंय, तिनं चमचा चाटलाय.

"माहिताय," म्हणाले. "दर रविवारी चाटते."

सदऱ्याच्या खिशात लायटर हुता, फुगवटा दिसत हुता. कात्रीची जागा रिकामी. त्येंनी वाकून कप उचलला. चमच्यानं दोनदा ढवळलं, मग त्यो तसाच तोंडात घातला, आन खिडकीकडं बघत कितीतरी येळ तोंडातच ठेवला. तिकडं म्हातारीनं आपला कप वर केला. ह्येंनी बी केला.

वरनं मृणाल म्हणाली, काका, आता डावा कुठला?

त्येंना ऐकू गेलं न्हाई. मीच सांगितला.